शुद्धिपत्र

प्रश्न चौथा : आपण काय काम करता?
मालन व्हटकर म्हणाली, काय न्हाई, घरातच असतो.
दातात चामड्याच्या पट्टीचं एक टोक,
पायाच्या अंगठ्याला दुसरं,
बोटं इतकी चपळ की वेणी घालताना दिसतच नव्हती,
नुसती लांबत गेलेली कळायची.

सत्तावीस वर्षांची होते मी. खांद्याला शबनम,
शबनममध्ये दोनशे चाळीस फॉर्म, आणि पुढ्यात अख्खं सुभाषनगर.
घरात असणाऱ्या बाईसाठी एक आकडा ठरलेला : ब्याण्णव.
फक्त घरकाम.
मी तो लिहिला. निळ्या शाईत, वळणदार.
शेजारी नवरा तळ कापत होता. त्याला अकरा,
स्वतंत्र कारागीर.

मग चहा आला. मी पेनाला टोपण लावलं
तेव्हा कुठं ती बोलायला लागली :
पहाटं उठतो. पाणी भरतो, भाकरी थापतो,
दोन जोडांच्या वेण्या घालतो, पोरीला शाळंत सोडतो,
परत बसतो. कान शिवतो, गोंडं लावतो.
रात्री डोळं चुरचुरत्यात.
जोडीमागं नऊ रुपय. ते ह्यांच्या हातात.

टोपण काढून मी हे फॉर्मच्या पाठीवर उतरवलं,
तिच्याच शब्दांत. अशा त्रेचाळीस पाठी.
पण पुढच्या बाजूला स्त्री की पुरुष
हा रकाना त्या त्रेचाळीस फॉर्मांवर राहून गेला.
माझाच गलथानपणा.

मुंबईच्या कचेरीत नावं झाकून फॉर्म भरणारा मुलगा
हुशार होता, आणि कोल्हापूरला कधी आला नव्हता.
त्यानं पाठ वाचली. उठतो, भरतो, शिवतो.
पुरुष, त्यानं टाइप केलं.
आणि एवढं राबणारा पुरुष ब्याण्णव कसा असेल?
त्यानं तोही आकडा सुधारला.

अहवाल छापून आला.
तक्ता नऊ : त्रेचाळीस कारागीर, रोजचे चौदा तास.
बैठकीत एका साहेबांनी चष्मा वर करून विचारलं,
हे कारागीर भाकऱ्यासुद्धा थापतात?
सगळे हसले. मीही.

त्याच संध्याकाळी मी शुद्धिपत्र लिहिलं :
पृष्ठ एकसष्ट, 'पुरुष'ऐवजी 'स्त्री' वाचावे.
'अकरा'ऐवजी 'ब्याण्णव' वाचावे.
'चौदा तास' वगळावे.
माझ्या सहीनं निघालेला तो पहिला सरकारी कागद.

पुढं एकतीस वर्षं मी तो कागद खोडत बसले.
समित्या, उपसमित्या, चार अहवाल, दोन बदल्या.
एकदा एका शासन निर्णयात माझं अर्धं वाक्य आलं,
उरलेल्या अर्ध्यात 'निधीच्या उपलब्धतेनुसार'.
मी पेढे वाटले होते.

एक गोष्ट कुठल्याच अहवालात नाही.
मी मंगळवार पेठेतली. पुण्याच्या वसतिगृहात
'मी जातो' म्हटलं की पोरी उशीत तोंड खुपसायच्या.
तीन महिन्यांत जीभ धुऊन काढली : जाते, येते, करते.
त्या मुलाच्या जागी घरची जीभ असती
तर तो फसला नसता,
आणि एक वर्षभर तरी
मालनची मोजदाद बरोबर झाली नसती.
याचं काय करायचं मला अजून समजलेलं नाही.

परवा गेले होते. निवृत्त माणसाला वेळ असतो.
मालनला आता उजेड तेवढा कळतो, माणूस नाही.
वेणी सून घालते. समोर टॅब घेतलेली मुलगी,
ओढणी सावरत विचारत होती, आपण काय काम करता?
सून म्हणाली, काय न्हाई.

मुलीचं बोट पडद्यावर टेकायला आलं.
मी काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते.
'बाळ, जरा थांब,' मी म्हटलं,
'आधी चहा घे. मग विचार. मी बसतो हितंच.'

मालननं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.
कोण हो, पेठंतल्या का?